अंतर आणि पाणी

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी आहे. आजीने मंगळासाठी करून घेतली होती. ती आजीनंतर आईकडे आली आणि आईनंतर माझ्याकडे. मंगळाचं आणि माझं काही वाकडं नाही, पण अंगठी काढून ठेवावी असं कधी वाटलं नाही. रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवत असताना आंतरगुही प्राण्यांचा धडा आला की मात्र मी ती दरवर्षी काढायचो आणि वर्गात फिरवायचो. "हा खडा नव्हे, सांगाडा आहे," एवढं म्हटलं की मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबायची.

हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. जिवंत असताना त्याच्या लाल फांदीवर पांढरे पॉलिप फुलल्यासारखे दिसतात आणि प्रत्येक पॉलिपला मोजून आठ स्पर्शक असतात. स्पर्शकांच्या दोन्ही कडांना पिसासारखी झालर असते. खडक बांधणाऱ्या कठीण पोवळ्यांत हीच मोजणी सहाच्या पटीत जाते. म्हणजे आपल्या अंगठीतलं पोवळं हे लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांचं सख्खं भावंड नव्हे. दगडासारखं टणक असूनही त्याची भाऊबंदकी आहे ती पाण्यात डुलणाऱ्या आठ स्पर्शकांच्या मऊ पोवळ्यांशी. मराठीत मात्र आपण सगळ्यांना एकाच शब्दाच्या दावणीला बांधून मोकळे झालो आहोत.

एका वर्षी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मग मऊ पोवळ्यांची अंगठी का होत नाही?" वर्ग हसला. मी पुस्तकी उत्तर दिलं. त्यांना सलग सांगाडा नसतो, मांसात चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात, वाळवलं तर चिमूटभर भुगा हाती येईल. तिचं समाधान झालं नव्हतं. "मग कवच नाही, सांगाडा नाही, पळता येत नाही. ती जगतात कशी?" तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी सुटलो.

या पुस्तकाची लेखिका ती मुलगी. गेली कित्येक वर्षं ती बर्लिनमध्ये राहते, संगणकावर पोट भरते आणि उरलेला सगळा वेळ घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे घालवते. हस्तलिखित पाठवताना तिने सोबत एका ओळीचं पत्र जोडलं होतं : "सर, त्या दिवशीचं उत्तर राहिलं होतं, ते मी शोधलं." अशा पत्रानंतर प्रस्तावनेला नाही म्हणायची सोय उरत नाही.

त्याआधी मी तिची टाकी पाहून आलो होतो. एका उन्हाळ्यात आठवडाभर तिच्याकडे मुक्काम होता. दिवाणखान्यात एका भिंतीला लागून चार फुटी काच, आत तीनशे लिटर पाणी आणि वर निळसर दिवे. माझ्या पिढीने मासे पाहिले ते मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात, काचेला नाक लावून. तिथे मासा हा नायक आणि मागचे दगड ही सजावट. इथे उलटं होतं. दोन-चार मासे इकडून तिकडे जात होते, पण पाहायचं होतं ते दगडांवर. मधोमध जेवणाच्या ताटाएवढी मांसल छत्री, तिच्या पाठीवर शेकडो पॉलिप गवतासारखे हलत होते. डावीकडे झेनियाचा झुबका, ज्याची प्रत्येक चिमुकली मूठ उघडत होती आणि मिटत होती, कुणीही हात न लावता. मागच्या काचेवर जांभळ्या साईतून उगवलेली हिरवी चांदणी. खाली सावलीत बशीसारखे चपटे मश्रूम. या सगळ्यांच्या मध्ये, अगदी दर्शनी भागात, वितीपेक्षा थोडी मोठी पांढऱ्या वाळूची मोकळी जागा. मला वाटलं, पैसे संपले असावेत.

मी सवयीने बाही वर सारली. ती स्वयंपाकघरातून जवळजवळ ओरडलीच, "सर, हात घालू नका!"

त्या ओरडण्याचं कारण पुढे येईल. आधी त्या घंटेपाशी राहिलेल्या प्रश्नाकडे जाऊ, कारण सगळं पुस्तक त्याच्याभोवती फिरतं.

मऊ पोवळं उभं राहतं ते अंगात भरलेल्या पाण्याच्या जोरावर. त्यातल्या बहुतेकांच्या पेशींत एकपेशीय शैवाल वस्तीला असतं. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. त्यामुळे दिवा हेच यांचं मुख्य जेवण. काट्या-चुन्याची कवचकुंडलं नाहीत, दंशपेशी आहेत पण त्यांचा डंख कठीण पोवळ्यांच्या मानाने लेचापेचा. तरीही हिंदी आणि प्रशांत महासागरात खडकांचे मोठमोठे पट्टे यांनीच व्यापलेले दिसतात. चावायला सोपा, पळायला असमर्थ आणि तरी मासे सहसा वाटेला जात नाहीत, असा प्राणी दिसला की समजावं, त्याच्या अंगात काहीतरी कडू आहे.

ते कडू म्हणजे टर्पीन जातीची रसायनं. निलगिरीला वास देणाऱ्या द्रव्यांचं हे गणगोत. लेदर कोरल म्हणून ओळखली जाणारी सार्कोफायटॉन, लोबोफायटम आणि सिन्युलेरिया ही मंडळी अशा रसायनांची कोठारं आहेत. जॉन कोल, पॉल सामार्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर मऊ पोवळी उचलून कठीण पोवळ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि काय होतं ते पाहिलं. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेजारच्या कठीण पोवळ्यांची वाढ खुंटली, काही ठिकाणी मांस मेलं, आणि हे नुसतं अंगाला अंग लागलं तिथेच घडलं नव्हतं. मधे पाणी असतानाही घडलं होतं. पाण्यानेच निरोप पोचवला होता.

जमिनीवर अक्रोडाच्या झाडाखाली इतर झाडं धड वाढत नाहीत, तशातलाच हा प्रकार. पण समुद्रात या भांडणाला दोन लगाम असतात. एक म्हणजे अंतर आणि दुसरा म्हणजे पाणी. सुटलेलं विष लाटेबरोबर वाहून जातं, लाखो पटींनी विरळ होतं आणि पुन्हा त्याच शेजाऱ्याकडे परतत नाही.

घरच्या टाकीत हे दोन्ही लगाम सुटलेले असतात. लेखिकेने तिसऱ्या प्रकरणात मांडलेला हिशेब मला फार आवडला. तीनशे लिटरच्या टाकीत प्रवाहासाठी लावलेले पंप तासाला सहा हजार लिटर पाणी फिरवतात. म्हणजे टाकीभर पाण्याचा फेरा दर तीन मिनिटांनी पुरा होतो. छत्रीच्या अंगातून सुटलेला थेंब तीन मिनिटांत झेनियाच्या दारात, आणि आणखी तीन मिनिटांत परत छत्रीच्याच अंगावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शांत जग आहे. आतल्यांच्या नशिबी मात्र न बदलणारं एकच पाणी असतं. हे पुस्तक एका वाक्यात सांगायचं तर असं सांगता येईल : समुद्र जे अंतर आणि जे पाणी फुकट देतो, ते टाकीत पाळणाऱ्याने रोज हाताने द्यायचं असतं.

हे तिला आधीपासून कळत होतं असं नाही. चौथ्या प्रकरणात तिने आपली फजिती न लपवता लिहिली आहे, आणि माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं पान तेच. सिन्युलेरिया वाढून खालच्यांवर सावली पाडायला लागली होती. एका रविवारी सकाळी तिने टाकीतच कात्री घातली आणि सहा-सात फांद्या छाटल्या. पंप चालू होता. पाणी जरासं दुधाळ झालं, मग निवळलं. दुपारी छत्रीचे पॉलिप आत गेले. संध्याकाळी झेनियाच्या मुठी थांबल्या. सकाळी उठून पाहिलं तर तिने हौसेने आणलेल्या एकुलत्या एका कठीण पोवळ्याचं मांस सांगाड्यावरून साय सुटावी तसं सुटत होतं. पाण्यातली अशी द्रव्यं शोषून घेण्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवतात. ती होती, पण तीन महिन्यांची जुनी. तिने नवा कोळसा घातला आणि लागोपाठ तीन दिवस नव्वद-नव्वद लिटर पाणी बदललं. झेनिया चौथ्या दिवशी पुन्हा हलू लागली. कठीण पोवळं गेलं ते गेलंच.

आता ती छाटणी बादलीत करते. पोवळं दगडासकट बाहेर काढायचं, टाकीतलंच पाणी भरलेल्या वेगळ्या बादलीत धारदार पात्याने एका झटक्यात कापायचं, चिकट स्राव धुऊन जाऊ द्यायचा आणि मगच परत ठेवायचं. बादलीतलं पाणी टाकीत न घालता मोरीत ओतायचं. कोळसा दर तीन-चार आठवड्यांनी बदलायचा, छाटणी असेल तर आदल्या दिवशी. वाचायला हे फार किरकोळ वाटतं, पण टाकी टिकते ती अशाच किरकोळ गोष्टींवर.

पुस्तकाचा मधला, सगळ्यात मोठा भाग म्हणजे एकेका बिऱ्हाडाची ओळख. चाळीत खोली देण्याआधी भाडेकरूची चौकशी करावी, तशी लेखिका प्रत्येकाची चौकशी करते. हा किती जागा घेईल? कुणाशी पटेल? रागावला तर काय करेल? पसरतो कसा?

छत्री, म्हणजे सार्कोफायटॉन, हा या चाळीतला थोरला. सोशिक, पण लहरी. अधूनमधून तो सगळे पॉलिप आत ओढतो, अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा धरतो आणि काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, मेल्यासारखा बसून राहतो. मग कात टाकावी तसा तो पापुद्रा सोडतो. त्यावर साठलेला गाळ आणि शेवाळ बरोबर जातं आणि छत्री पुन्हा ताजी होऊन फुलते. नवशिका माणूस नेमका याच दिवसांत घाबरतो, जागा बदलतो, औषधं ओततो आणि खरोखरच मारतो. अशा वेळी फक्त प्रवाह जरा वाढवावा, म्हणजे पापुद्रा लवकर निघतो, आणि हात मागे बांधून बसावं. माझ्या मुक्कामात ती छत्री नेमकी मिटली. रोज सकाळी चहा घेऊन मी काचेपुढे बसायचो. सहाव्या दिवशी एका कडेला पापुद्रा फाटला आणि त्याखालून दोन-तीन पॉलिप डोकावले. इतकी वर्षं मी हे चित्रात दाखवून शिकवत होतो. प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा, पहिल्यांदा.

झेनिया ही या चाळीतली चंचल पाहुणी. ग्रीक भाषेत झेनिया म्हणजे पाहुणचार. तिच्या मुठी का उघडतात-मिटतात, हे कोडं बरीच वर्षं पडलेलं होतं. २०१३ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी लाल समुद्रातल्या तिच्या जवळच्या नातलगावर, हेटेरोझेनियावर, प्रयोग प्रसिद्ध केले. या हालचालीने पेशींपाशी साठलेला प्राणवायू झटकला जातो आणि आतल्या शैवालाचं काम वेगाने चालतं, असं त्यांना दिसलं. शिवाय एकदा वापरलेलं पाणी पुन्हा शेजारच्या पॉलिपपाशी जात नाही. अगदी पंख्याने हवा खेळती ठेवावी तसं. घरी मात्र झेनियाची दोनच रूपं भेटतात. एक तर ती दगडामागून दगड गिळत सगळी टाकी व्यापते, नाहीतर एका आठवड्यात विरघळून नाहीशी होते. म्हणून लेखिकेचा सल्ला असा, की तिला स्वतंत्र दगड द्यावा आणि चहूबाजूंनी वाळू ठेवावी. दगडाला दगड टेकला की तिला पूल मिळाला.

हाच नियम हिरव्या चांदणीलाही, म्हणजे ब्रायरियमला, लागू. तिची जांभळी साय दिसेल तिथे चढते आणि आडव्या आलेल्या लहान पोवळ्यांना झाकून टाकते. तिला मागची काच देऊन टाकावी. तिथे ती हिरवळीसारखी शोभते आणि कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही. केनिया ट्री, शास्त्रीय भाषेत कॅप्नेला, आपल्या फांद्यांची टोकं स्वतःच गाळतं. ती प्रवाहात तरंगत जाऊन अडकतील तिथे रुजतात. एक आणलं आणि वर्षाने नऊ झाली, असं लेखिका लिहिते, आणि त्या वाक्यात कौतुक किती आणि वैताग किती हे सांगता येत नाही.

मश्रूम आणि झोअँथिड यांना दुकानात मऊ पोवळ्यांतच धरतात, पण वंशावळीने ते सहाच्या घराण्यातले. मश्रूम म्हणजे सांगाडा नसलेली, कठीण पोवळ्यांची चुलत भावंडं. कमी उजेड, मंद प्रवाह यांत सुखी. मात्र त्यातला हत्तीच्या कानासारखा मोठा अँप्लेक्सिडिस्कस कडा मिटून पिशवी करतो आणि आत आलेला मासा पचवतो. तेव्हा बशी दिसली म्हणून गरीब समजू नये.

आणि आता ते ओरडणं. झोअँथिडांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं विष सापडतं. १९७१ साली मूर आणि शॉयर यांनी ते हवाईतल्या पॅलिथोआतून वेगळं केल्याचं जाहीर केलं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. त्याचा रेणू इतका अवाढव्य आहे, की प्रयोगशाळेत तो पूर्णपणे घडवायला १९९४ साल उजाडलं. टाकीतला दगड साफ करायचा म्हणून उकळत्या पाण्यात टाकला आणि वाफ घेऊन घरातली माणसं इस्पितळात पोचली, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणून हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हाताला खरचटलेलं असेल तर टाकीत हात नाही, आणि झोअँथिडचा दगड उकळायचा किंवा कोरडा घासायचा नाही. माझ्या बोटाला त्या दिवशी खरंच चिरा होत्या. रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी झोअँथिडांच्या चटया पसरलेल्या दिसतात. तीस वर्षं मी मुलांना त्या उघड्या हाताने दाखवत आलो, हे तिला तिथे सांगितलं. ती म्हणाली, "आठवतंय. मीही हात लावला होता." आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

या छंदाचा इतिहास लेखिकेने थोडक्यात आटोपला आहे, तो योग्यच. तरी दोन गोष्टी मराठी वाचकाला गमतीच्या वाटतील. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड, साधे हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर पोवळी जगवली आणि १९६१ साली ती पद्धत लिहून काढली. महागड्या यंत्रांआधी ही साधी टाकी चालली होती. पुढे जर्मन भाषक हौशी मंडळींनी या विद्येला शिस्त लावली. बर्लिनचं नाव मिळालेली पद्धत तिथलीच. दगडांवर वसलेल्या जिवाणूंनी घाण पचवायची, फेस काढणाऱ्या स्किमरने उरलेली उचलायची. पाण्यातला चुना भरून काढायला पीटर विल्कन्स यांनी जे द्रव्य रूढ केलं, त्याला जर्मनमध्ये काल्कवासर म्हणतात. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" ती हसून म्हणाली, "चुन्याची निवळी, सर." लहानपणी दात यावेत म्हणून बाळांना पाजायचे, तीच.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आमच्यातल्या वादाबद्दलही सांगतो. मी हस्तलिखितात जागोजागी 'चर्मप्रवाळ', 'तारकापॉलिप', 'प्रथिनफेनक' असं लिहून पाठवलं होतं. तिने सगळं खोडलं. तिचं म्हणणं, पुण्यातला मुलगा आणि दुबईतली मावशी एकमेकांशी बोलताना 'लेदर' आणि 'स्किमर' म्हणणार. पुस्तकाने त्यांच्या तोंडातलं काढून वेगळं कशाला घालायचं? मी हरलो. एका शब्दावर मात्र ती माझ्याकडे आली. छाटलेल्या तुकड्याला इंग्रजी दुकानदार फ्रॅग म्हणतात. जर्मन लोक त्याला बागेतला शब्द वापरतात, आब्लेगर, म्हणजे दाबकलमाने केलेलं रोप. हापूसच्या गावात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं? पुस्तकभर तुम्हाला 'कलम' हाच शब्द भेटेल, आणि कलम बांधायची रीतही. मऊ पोवळ्याच्या बुळबुळीत अंगाला गोंद धरत नाही, म्हणून कापलेला तुकडा दगडाच्या खाचेत बसवून वरून जाळीचं फडकं सैलसर बांधायचं. दोन-तीन आठवड्यांत तो दगड धरतो. घट्ट बांधलं तर दोरा मांसातून आरपार जातो. आंब्याच्या कलमाची पट्टी बांधतानाही माळी हेच बजावतो.

पाण्याचे आकडे पुस्तकात कोष्टकात दिले आहेत, त्यामुळे मी लांबण लावत नाही. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार, नायट्रेट शून्यावर न आणता थोडं राखलेलं. तीनशे लिटरला साडेदहा किलो मीठ लागतं आणि आठवड्याला दहावा भाग पाणी बदलायचं म्हणजे दर वेळी किलोभर. मिठाचा, कोळशाचा आणि विजेचा खर्च पोवळ्याच्या किमतीआधी मोजा, असं ती बजावते. दगड ठेवल्यावर जिवाणू बसेपर्यंत पहिले चार ते सहा आठवडे टाकी रिकामीच ठेवायची. बहुतेक टाक्या बिघडतात त्या या आठवड्यांत धीर न धरल्यामुळे.

एका ठिकाणी माझं तिच्याशी पटलेलं नाही, आणि प्रस्तावनेत ते नोंदवायला तिने परवानगी दिली आहे. पहिल्याच पानावर ती म्हणते, की नवशिक्यांसाठी मऊ पोवळी सोपी. एकटं पोवळं असेल तर कबूल. पाणी थोडं मळलं, दिवा थोडा मंद असला तरी ती निभावतात. पण हा सोशिकपणाच घात करतो. कठीण पोवळं चार दिवसांत तक्रार करतं, मऊ पोवळं चार महिने काही बोलत नाही. तोवर पाच सेंटिमीटरच्या कलमाची तीस सेंटिमीटरची छत्री झालेली असते, मधली वाळू दिसेनाशी झालेली असते आणि पाण्यात काय साठलंय ते कळायला मार्ग नसतो. अंतर ठेवायचं ते आजच्या आकाराचं नव्हे, दोन वर्षांनंतरच्या आकाराचं. तिने दिलेला किमान १५ सेंटिमीटरचा नियम या हिशेबाने वाचावा. एकेकटी सोपी असणारी पोवळी एकत्र ठेवणं सोपं नाही, आणि पुस्तकाचा विषय तर एकत्र ठेवणं हाच आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी, ऑर्गन पाइप पोवळं आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. म्हणजे कायद्याने ती वाघाच्या पंक्तीला बसली. यातलं ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे तर आठ स्पर्शकांच्याच घरातले. त्यामुळे 'मऊ आहे ना, मग चालतं' असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. किनाऱ्यावरून एक तुकडाही उचलू नये, मेलेला दगडही नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या कामाआधी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची पोवळी शास्त्रज्ञांकरवी दुसरीकडे हलवावी लागली होती. शहराच्या गटारांशेजारी चिवटपणे जगणारी ती पोवळी बघायला ओहोटी आणि जुने बूट एवढं पुरतं. ज्या देशांत हा छंद रीतसर चालतो, तिथेही लेखिका समुद्रातून काढलेल्या पोवळ्याऐवजी दुसऱ्याच्या टाकीतलं कलम घ्या म्हणते. डेंड्रोनेफ्थिया नावाचं गुलाबी-केशरी, अतिशय देखणं मऊ पोवळं तर घेऊच नये असं तिने ठळक अक्षरांत लिहिलंय. त्याच्या अंगात शैवाल नसतं, दिव्याचा त्याला उपयोग नाही. लाल समुद्रातल्या अभ्यासातून १९९५ साली दिसून आलं, की ते पाण्यातलं सूक्ष्म वनस्पतिप्लवंग गाळून खातं. तेवढं सततचं जेवण घरच्या टाकीत कुणी पुरवू शकत नाही, म्हणून ते काचेमागे हळूहळू उपाशी मरतं आणि आकसत जाताना सुंदरच दिसत राहतं.

निघायच्या आदल्या रात्री दिवे मंद झाल्यावर आम्ही काचेपुढे बसलो होतो. छत्रीने अर्धा पापुद्रा सोडला होता, झेनियाची लय संथ झाली होती. मी शेवटी विचारलंच, "मधे एवढी जागा रिकामी आहे. तिथे काय आणणार आहेस?"

"काही नाही. तिथेच ते कठीण पोवळं होतं, सर."

"मग आता दुसरं?"

"छत्री अजून वाढायची आहे."

मी पाहिलं तर वाळूच्या त्या पट्ट्यावर छत्रीची सावली पडली होती, आणि तिची कड पलीकडच्या झेनियाच्या दगडापासून चार बोटं दूर होती. वाचकाने हे पुस्तक हाती घेऊन पहिल्यांदा दुकानात जाण्याआधी वाळूचा असा एक पट्टा मनात आखून ठेवावा आणि तो भरायचा नाही असं ठरवूनच घराबाहेर पडावं.

रत्नागिरी,
गुढीपाडवा